गाऱ्हाणे आणि खटला

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या तालुक्यांत, ‘गाऱ्हाणे’ या शब्दाला प्रमाण मराठीतील ‘तक्रार’ या अर्थापेक्षा बराच मोठा आवाका आहे. ग्रामदेवता सातेरी असो, रवळनाथ असो, आरवलीचा वेतोबा असो वा आचऱ्याचा रामेश्वर असो, तिच्यासमोर मानकऱ्यांच्या उपस्थितीत घाडी किंवा गुरव गावाच्या वतीने परंपरेने ठरलेल्या शब्दांत जे निवेदन करतो आणि ज्याच्या प्रत्येक खंडाला जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ असा रुकार देतात, ते गाऱ्हाणे होय. त्यात नवस असतो, चुकल्यामाकल्याची क्षमा असते, रोगराईपासून राखण करण्याची विनवणी असते. आणि पुष्कळदा त्यात अन्याय झालेल्या माणसाची फिर्यादही असते. कोणाचे नारळ उतरवून नेले गेले, कोणाच्या शेताचा बांध रातोरात सरकला, कोणाचे उसने दिलेले पैसे बुडाले, अशा गोष्टी पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जाण्याआधी देवळाच्या पायरीवर सांगितल्या जात, आणि काही गावांत आजही जातात. या शब्दाचे नाते संस्कृत ‘गर्हणा’ म्हणजे निंदा या शब्दाशी जोडले जाते. तसे असेल तर गाऱ्हाण्यात मागणीच्या आधी दुष्कृत्याचा उघड निषेध येतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हा केवळ लोकाचाराचा विषय नाही. गुन्हा नेमका कोणाविरुद्ध घडतो, हा दंडविषयक तत्त्वज्ञानातील मूळ प्रश्न त्यात गुंतलेला आहे. आधुनिक फौजदारी कायद्याचे उत्तर असे की गुन्हा राज्याविरुद्ध घडतो. म्हणूनच मालवणच्या न्यायालयात चाललेल्या खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला ‘महाराष्ट्र राज्य’ असते आणि दुसऱ्या बाजूला आरोपी असतो, तर ज्याचे घर फुटले किंवा ज्याच्या डोक्यात काठी बसली तो माणूस खटल्यात पक्षकार नसून साक्षीदार असतो, आणि विचारलेल्या प्रश्नापलीकडे तो बोलू लागला तर त्याला थांबवले जाते. गाऱ्हाण्याचे उत्तर निराळे आहे. तेथे अपराध आधी एका माणसाविरुद्ध घडतो, त्याच्यामार्फत गावाविरुद्ध घडतो, आणि गावाचा धनी देव असल्यामुळे अखेर देवाविरुद्ध घडतो; त्यामुळे सांगण्याचा पहिला हक्क पीडिताचा राहतो.

धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ ही संज्ञा न्यायदानाच्या प्रक्रियेसाठी वापरली जाते, आणि नाना प्रकारच्या संदेहांचे हरण करतो तो व्यवहार, अशी तिची व्युत्पत्ती कात्यायनाने दिली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतील व्यवहारपदाची व्याख्या मात्र येथे अधिक उपयोगी आहे: स्मृती आणि आचार यांना सोडून वागणाऱ्या दुसऱ्याकडून पीडा झालेला मनुष्य जेव्हा राजाकडे आवेदन करतो, तेव्हा व्यवहाराचा विषय उत्पन्न होतो. याचा अर्थ प्रक्रियेचा आरंभबिंदू पीडिताचे सांगणे हा आहे. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने स्वतः होऊन वाद उभा करू नये असे मनूनेही बजावले आहे, जरी पुढच्या निबंधकारांनी राजाने स्वतः दखल घ्यावयाच्या अपराधांच्या याद्या दिल्या असल्या तरी. चोरीच्या बाबतीत स्मृतिकारांनी आणखी पुढचे पाऊल टाकले असून, चोराने नेलेले धन राजाने मूळ मालकाला मिळवून द्यावे असे त्यांनी सांगितले आहे. कोकणच्याच मातीत जन्मलेले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या पाच खंडी इतिहासात हा सगळा विषय मांडला आहे, आणि तो वाचताना पीडिताची नुकसानभरपाई ही अलीकडची पाश्चात्त्य कल्पना आहे हा समज टिकत नाही.

त्याच परंपरेत दंड आणि प्रायश्चित्त या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. दंड राजा देतो आणि त्याचा संबंध प्रजेच्या रक्षणाशी असतो. प्रायश्चित्त विद्वानांची परिषद सांगते, पण ते करायचे असते अपराध्याने, आणि पश्चात्ताप व कबुली हे त्याचे आधार असतात. राजाकडून दंड भोगलेला मनुष्य पापापासून निर्मळ होतो, असे मनुस्मृती म्हणते, आणि दंड्य माणसाला राजाने सोडून दिले तर ते पाप राजाकडे येते, असेही म्हणते. म्हणजे शिक्षा ही अपराध्याचेही हित करणारी गोष्ट मानली होती, केवळ त्याच्यावरचा सूड नव्हे. मराठेशाहीत गोतसभेसमोर, म्हणजे गावचे वतनदार आणि जातभाई यांच्या सभेसमोर, चाललेल्या प्रकरणांत राजदंड आणि ब्रह्मदंड असे दोन्ही दंड येत, आणि प्रायश्चित्त पुरे झाल्यावर शुद्धिपत्र देऊन त्या माणसाला पंक्तीत परत घेतले जाई. शिक्षेला शेवट आहे आणि त्या शेवटानंतर माणूस पुन्हा आपल्यातला होतो, ही गोष्ट त्या कागदाने जाहीर होत असे. आज सावंतवाडीच्या किंवा अन्य कोणत्याही कारागृहातून सुटणाऱ्या कैद्याच्या हाती असा कागद पडत नाही.

या परंपरेकडे हळव्या नजरेने पाहणे मात्र गुन्हा ठरेल. ज्या स्मृतींनी दंडाला शुद्धीचे साधन मानले त्याच स्मृतींनी एकाच अपराधाला वर्णानुसार वेगवेगळे दंड सांगितले, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी याच कोकणातील महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा हा भेद त्या निषेधाच्या गाभ्याशी होता. गाऱ्हाण्यातही कोण बोलणार, कोणाचा मान पहिला, कोण सभामंडपात आणि कोण बाहेर, हे जन्माने ठरलेले असे. स्त्रीचे गाऱ्हाणे बहुधा पुरुषाच्या तोंडून जाई. त्याहून गंभीर दोष पुराव्याच्या पद्धतीत होता. लेख, साक्षी आणि भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, ही प्रमाणे नसतील तेव्हाच दिव्याकडे, म्हणजे दैवी कसोटीकडे, वळावे असे शास्त्र सांगत असले, तरी उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य मराठेशाहीत प्रत्यक्ष घडत होते. गाऱ्हाण्यानंतर देवाचा कौल घेण्याची रीत त्यापेक्षा सौम्य आहे, कारण तीत देवाच्या अंगावर लावलेली फुले किंवा कळे उजवीकडून पडतात की डावीकडून, यावर होकार-नकार ठरतो. गावपळणीसारख्या सामूहिक निर्णयात, जेथे आचऱ्याचे सगळे गाव रामेश्वराच्या कौलाने तीन दिवस वेशीबाहेर राहायला जाते, त्या रीतीने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु चोर कोण हे कौलाने ठरवू लागले, किंवा गाऱ्हाणे घातल्यानंतर ज्याच्या घरी आजारपण आले तोच अपराधी असे गाव मानू लागले, तर त्या माणसाला बचावाची कोणतीही संधी उरत नाही. करणीच्या संशयाने माणसे वाळीत पडली ती याच वाटेने. महाराष्ट्राचा २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ सालचा कायदा यांची गरज कोकणाला इतर कोणत्याही प्रदेशाइतकीच होती.

म्हणून शिक्षेचा अधिकार गावाकडून आणि पीडिताकडून काढून घेतला गेला, हे योग्यच झाले. १८१२ साली करवीरकरांकडून मालवण इंग्रजांकडे आले, १८२७ साली एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी विनियमावली आली, आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही असे ठरवले, आणि पुढे संविधानाच्या अनुच्छेद २० ने कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, ही हमी दिली. विशेष म्हणजे १८७३ च्या शपथ कायद्यात देवळासाठी एक फट शिल्लक होती: एखादा पक्ष, प्रतिपक्षाने आपल्या समाजात पवित्र मानलेल्या रीतीने शपथ घेतली तर ती आपल्यावर बंधनकारक मानू, असे न्यायालयाला सांगू शकत असे. १९६९ च्या नव्या शपथ कायद्यात ती तरतूद उरली नाही.

पण अधिकार काढून घेताना वाणीही काढून घेतली गेली, ही या विषयातील खरी खंत आहे. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ साली असा विचार मांडला की संघर्ष ही त्यात सापडलेल्या माणसांची मालमत्ता असते, आणि वकील व राज्य यांनी ती त्यांच्याकडून हिरावून घेतली आहे. क्रिस्टींना मालवणचे गाऱ्हाणे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी जे हरवले म्हटले तेच गाऱ्हाण्यात टिकून होते. तेथे पीडिताची व्यथा त्याच्याच गावासमोर पूर्ण बोलली जाते, आणि ‘व्हय महाराजा’ म्हणताना इतर लोक ती ऐकल्याची ग्वाही देतात. शिवाय अपराध्याला नाव न घेता हाक दिली जाते, म्हणजे त्याने रात्री येऊन वस्तू परत ठेवली किंवा देवासमोर नारळ ठेवून चूक मान्य केली तर त्याला परतण्याची वाट मोकळी असते; याज्ञवल्क्याने जगाला ठाऊक नसलेल्या पापासाठी रहस्य प्रायश्चित्ताची सोय ठेवली, तिच्याशी या रीतीचे नाते जवळचे आहे. आधुनिक खटल्यात पश्चात्तापाला अशी जागा नाही. आरोपीला मिळणारा सर्वांत शहाणा सल्ला गप्प राहण्याचा असतो, आणि त्याच्या हक्कांच्या दृष्टीने तो सल्ला बरोबरही असतो. परंतु दोषी ठरेपर्यंत नाकारत राहायचे आणि दोषी ठरल्यावर अपील करायचे, या क्रमात केलेल्या कृत्याकडे सरळ पाहण्याचा क्षण येतच नाही.

मालवणच्या समुद्रावरील संघर्षात ही उणीव फार स्पष्ट दिसते. रापण ओढणारे आणि लहान होड्यांतून मासेमारी करणारे पारंपरिक मच्छीमार एकीकडे, पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे वापरणाऱ्या यांत्रिक नौका दुसरीकडे, असा हा वाद आहे. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली राज्याने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली, आणि २०२१ साली राज्याच्या कायद्यातील दंड वाढवण्यात आले. तरीही समुद्रात नौका अडवल्या जातात, हाणामारी होते आणि गुन्हे दाखल होतात. मग न्यायालयात प्रश्न उरतो तो कोणी कोणाला मारले आणि जमाव बेकायदेशीर होता का, एवढाच. ज्याच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली त्याचे म्हणणे, म्हणजे त्याचे गाऱ्हाणे, त्या खटल्याच्या दृष्टीने अप्रस्तुत असते. हिंसा केल्याबद्दल तो दंडास पात्र असेल. पण त्याचे ऐकून घेतल्याशिवाय दिलेला दंड त्याला न्याय वाटणार नाही, आणि ज्या दंडाला भोगणारा न्याय मानत नाही त्याने शुद्धी होत नाही, हे स्मृतिकारांचे मानसशास्त्र अजून खोटे ठरलेले नाही.

कायद्याला या उणिवेची जाणीव होऊ लागली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००९ च्या दुरुस्तीने पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला आणि राज्यांवर भरपाई योजना करण्याचे बंधन आले. महाराष्ट्राने २०१३ साली मनोधैर्य योजना सुरू केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कोठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सिंधुदुर्गातील अपिलकर्त्याची मुंबईची लांबची वाट वाचली. देशाच्या तुरुंगांतील सुमारे तीन-चतुर्थांश कैदी अद्याप दोषी न ठरलेले, म्हणजे कच्चे कैदी आहेत, ही लाजिरवाणी स्थिती मात्र या सुधारणांनी अजून बदललेली नाही. न्यूझीलंडने १९८९ साली अल्पवयीन अपराध्यांसाठी कुटुंब, पीडित आणि अधिकारी यांची एकत्र बैठक कायद्यात आणली, आणि तसे करताना तेथील माओरी लोकांच्या सामूहिक निवाड्याच्या रीतीतून बोध घेतला; बचावाचे हक्क कायम ठेवून लोकरीतीतील वाणी कायद्यात आणता येते, याचे ते उदाहरण आहे. महाराष्ट्रातही औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसवली होती, आणि तेथे अपराध्यावर विश्वास टाकणे हीच सुधारणेची पद्धत होती.

भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये या दृष्टीने एक छोटी पण मोलाची तरतूद आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगवासाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा द्यायची आहे. नारळ, कोंबडी, जाळ्याचा एखादा तुकडा, अंगणातले भांडे, म्हणजे ज्या वस्तूंसाठी किनाऱ्यावरच्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या गाऱ्हाणी घातली गेली, त्या बहुतेक या मर्यादेत येतात. वस्तू परत देताना मालक समोर असावा का, देणाऱ्याने त्याला काही सांगावे का, सेवा कोणत्या गावात आणि कोणाच्या डोळ्यांसमोर व्हावी, हे त्या कलमात लिहिलेले नाही; ते प्रत्येक प्रकरणात तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याला ठरवावे लागणार आहे.