सोळा आठवड्यांचा शब्द

माझी आजी चिपळूणजवळच्या एका वाडीत राहायची. तिच्याकडे आठ-दहा कोंबड्या होत्या. दिवसभर त्या परसात, उकिरड्यावर, शेजाऱ्यांच्या कुंपणाखालून पलीकडे अशा हिंडत आणि तिन्हीसांजेला आजी त्यांना खुराड्यात घाली. पावसाची झड लागली की मात्र दिवस दिवस त्या पडवीतच असत, डालग्याखाली. त्या दिवसांतली अंडीही आजी त्याच भावानं आणि त्याच नावानं विकायची: गावठी. घ्यायला येणाऱ्या बाईला डालगं समोर दिसत असे. तिनं कधी काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही होतं असंही नाही.

हे आठवलं ते इथे बंगळूरला, अनुवाद करताना अडल्यावर. प्राणिकल्याणावरच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करत होते. त्यात 'फ्री रेंज' हा शब्द वारंवार येत होता. मी 'मुक्त संचार' असं लिहून पुढे गेले. दूधव्यवसायातल्या लोकांनी 'मुक्त संचार गोठा' रुळवलेलाच आहे, तेव्हा कोंबडीलाही तो चालावा. मग ब्रिटनमधल्या नियमांचं प्रकरण आलं आणि माझ्या 'मुक्त'ची पंचाईत झाली.

तिथल्या अंड्यावर शिक्का असतो आणि त्यातला पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे फ्री रेंज, 2 म्हणजे बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, 3 म्हणजे पिंजरा. फ्री रेंजसाठी दिवसभर बाहेर जायची वाट खुली हवी आणि बाहेरच्या जागेत हेक्टरी 2,500 हून जास्त कोंबड्या नकोत. वाट खुली असली तरी सगळ्या कोंबड्या बाहेर जातात असं नाही. शब्द हमी देतो ती उघड्या दाराची. तिथे विकल्या जाणाऱ्या अंड्यांपैकी निम्म्याहून अधिक या प्रकारची असतात आणि लोक त्यासाठी चार पैसे जास्त मोजतात.

मग बर्ड फ्लू आला. (आपल्याकडे तो 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला आला, तेव्हा आधी कत्तल झाली; लेबलाचा प्रश्न कुणाला पडण्याचं कारणच नव्हतं.) ब्रिटनमध्ये 29 नोव्हेंबर 2021 पासून सरकारनं सगळ्या पाळीव पक्ष्यांना आत ठेवण्याचा आदेश काढला. रानपक्ष्यांशी संबंध येऊ नये म्हणून दार बंद. शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही. कायद्यानं त्याला सवलत दिली होती: आदेशामुळे कोंबड्या आत असल्या तरी 16 आठवडे अंड्यांवर 'फ्री रेंज' छापता येईल. ते आठवडे संपले, साथ संपली नाही, आणि 21 मार्च 2022 पासून तीच अंडी 'बार्न' म्हणून विकावी लागली. खोक्यांवर चिकटपट्ट्या, दुकानांत सूचना. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच.

ही मुदत आधी 12 आठवड्यांची होती. 2017 मध्ये ती 16 झाली. 2023 च्या नोव्हेंबरात युरोपीय संघानं मुदतच काढून टाकली, आणि ब्रिटिश उत्पादक मागे पडू नयेत म्हणून ब्रिटननंही तो मार्ग धरला. इंग्लंडमध्ये 2025 च्या आरंभापासून आदेश लागू असेपर्यंत, मग तो कितीही लांबो, अंडं 'फ्री रेंज'च राहतं. असे दुय्यम नियम ब्रिटिश संसदेपुढे येतात तेव्हा सभासदांना चर्चा करता येते, पण मजकुरातला शब्द बहुधा बदलता येत नाही. आहे तसा स्वीकारा किंवा आख्खा नाकारा. एका शब्दाचा अर्थ ठरवणारा नियम, आणि त्यातल्या शब्दाला हात लावायचा नाही. अनुवादकाला या परिस्थितीत काही नवीन वाटत नाही.

मला गंमत वाटली ती युरोपच्या नियमावलीची. तिथे प्रत्येक भाषेत कोणता शब्द छापायचा हे ठरवून दिलं आहे आणि हे शब्द एकमेकांचे अनुवाद नाहीत. फ्रेंचमध्ये 'आँ प्लेन एर', भर मोकळ्या हवेत वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी. जर्मन 'फ्राइलांडहाल्टुंग' म्हणतात. त्यातला 'हाल्टुंग' म्हणजे पाळण्याची पद्धत. डच शब्दात बाहेर पडायची मोकळीक आहे. स्पॅनिशमध्ये नुसत्या 'काम्पेरास', म्हणजे रानाशिवारातल्या, जवळजवळ आमच्या गावठीच.

आता दार लावा. फ्रेंच शब्द त्याच क्षणी खोटा ठरतो, डचही. जर्मनाला सांगता येईल की पद्धत तीच आहे, सध्या जरा खंड पडला आहे. स्पॅनिश कोंबडीला तर काहीच होत नाही. शिवारातली कोंबडी घरात बसली म्हणून शहरी होत नाही. कायदा एक, कोंबड्यांची स्थिती एक, आणि खोटेपणा मात्र भाषेगणिक कमीजास्त. इंग्रजी शब्द कुठे बसतो? तो इतका वापरला गेला आहे की त्यातलं मोकळं रान कुणाला दिसत नाही, म्हणून तो ताणता येतो. माझा 'मुक्त संचार' मात्र ताणता येईना. 'मुक्त संचार पद्धतीच्या, सध्या कोंडलेल्या कोंबड्या' हे वाक्य मराठीत हसू आणतं.

आपले शब्द पाहा: गावठी, हिंदीत देसी, बंगालीत देशी, इथे नाटी, तमिळमध्ये नाट्टु, मल्याळममध्ये नाडन. सगळे कोंबडीचं मूळ सांगतात. ती कशी जगते यावर गप्प आहेत. म्हणूनच इथल्या दुकानात पिंजऱ्यातलं तपकिरी अंडंही 'नाटी' म्हणून खपू शकतं. आपल्या शब्दांना मुदत लागत नाही, कारण त्यांनी वचनच दिलेलं नाही. इंग्रजी शब्दानं दिलं होतं, आणि ती 16 आठवड्यांची मर्यादा म्हणजे त्या वचनाची शिल्लक राहिलेली लाज होती.

शेतकऱ्याची बाजू मला पटते. शेड, जमीन, कुंपण यांचा खर्च त्यानं केलाच आहे, आदेश सरकारचा. त्याचं नुकसान भरून निघायला हवं. पण ते कुणी भरायचं? तिजोरीतून भरता आलं असतं, गिऱ्हाईकाला सांगून, विनंती करून भरता आलं असतं. नव्या नियमानं ते शब्दातून भरलं. 'फ्री रेंज' हा शब्द शेतकऱ्याला उसना दिला, आणि उसनवारीची मुदत लिहिली नाही. आदेश ठरावीक काळापुरताच असतो, हे खरं. पण हिवाळे येतच राहणार आणि रानपक्षी येतच राहणार. आजीच्या गिऱ्हाइकाला डालगं दिसत होतं. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तर शिक्का काढला, आणि नेमकं त्याच्यापासूनच दार बंद असल्याचं लपतं.

हे इतक्या ठामपणे लिहिताना थोडी अडचण होते आहे. गेली काही वर्षं मासिकांत माझ्या नावाखाली 'कन्नड कवितेच्या अनुवादक' असं छापून येतं. शेवटची कन्नड कविता मी 2020 मध्ये अनुवादली. नंतर आईचं आजारपण आलं, औषधांचा खर्च आला, आणि मी पुस्तिका, करारनामे, यंत्रांची माहितीपत्रकं करू लागले. दोष माझा नाही, असं मी स्वतःला सांगते. शेड तेच आहे, कोश कपाटात आहेत, दार उघडलं की बाहेर पडेनच. पहिले काही महिने हा खुलासा खरा होता. तो नेमका कोणत्या आठवड्यात खरा राहिला नाही, ते मला सांगता येत नाही. आणि त्या ओळीमुळे मला दोन निमंत्रणं मिळाली आहेत, हेही खरं.

पुस्तिकेत शेवटी मी 'मुक्त संचार' ठेवलं आणि खाली एक ओळ घातली: साथीच्या आदेशामुळे कोंबड्या आत असतानाही हा शब्द छापता येतो. काम देणाऱ्यांनी विचारलं, ही ओळ मूळ मजकुरात कुठे आहे? नाही, म्हटलं. त्यांनी ती ठेवली.

या लेखासाठी संपादकांनी परिचय मागवला तेव्हा जुनी ओळ पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून त्यात '2020 पर्यंत' एवढं घालायला सांगितलं. जागा असेल तर घालतो, म्हणाले.