थांबलेली मोटार आणि गृहस्थाचा धर्म

मनुष्य कर्म करीत असतो तेव्हा त्याचा धर्म कोणता, याचा ऊहापोह पुष्कळ होतो. परंतु आता करण्यासारखे काही उरले नाही, केवळ वाट पाहणेच हाती आहे, असे वाटते त्या वेळी धर्म कोणता, हा प्रश्न गृहस्थाला क्वचितच सुचतो. आजारातून उठेपर्यंतचे दिवस, न्यायालयातील पुढची तारीख, पावसावाचून खोळंबलेली पेरणी, हे सर्व असेच प्रसंग होत. आधुनिक संसारात त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. अपघातात मोडलेली मोटार गॅरेजमध्ये पडून असते आणि तिचा मालक दिवस मोजीत असतो.

प्रसंग वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे प्राणांस मुकली. तेव्हा ज्याची मोटार मोडली पण देह वाचला, त्याला हे जे रिकामे दिवस मिळतात, ते कशात घालवावेत याचा विचार त्याने अवश्य करावा.

एक उदाहरण घ्यावे. इंदूरचा एक गृहस्थ सायंकाळी देवासहून घरी परतत आहे. वाटेत त्याची मोटार एका दुचाकीस्वारास धडकते व पुढे कठड्यावर आदळते. दुचाकीस्वाराचा पाय मोडतो. गृहस्थ त्याला रुग्णालयात पोहोचवितो, पोलिसांस व विमा कंपनीस खबर देतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकावर घातलेले कर्तव्य त्याने येथवर पार पाडले. दोष कोणाचा किती, हे अजून ठरावयाचे आहे. मोटार गॅरेजमध्ये जाते. घरात तीन आठवड्यांवर मुलीचा विवाह येऊन ठेपलेला असतो, आणि गॅरेजवाला रोज ‘अजून थोडे दिवस’ एवढेच सांगतो.

गृहस्थाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो दोषाचा. ‘तो आडवा आला म्हणूनच हे झाले’, असे तो एकदा म्हणतो. ‘नशिबातच होते’, असे दुसऱ्यांदा म्हणतो. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. याच दृष्टीने त्या सायंकाळकडे पाहावे. अधिष्ठान म्हणजे देह, आणि तो दिवसभराच्या कामाने थकलेला होता. कर्ता मनाने विवाहाच्या खरेदीत गुंतलेला होता. करणांत त्याचे डोळे होते, तसेच झिजलेले टायरही होते. चेष्टा म्हणजे त्याने राखलेला वेग. आणि अंधार पडण्याची वेळ, दुचाकीस्वाराचे नेमके तेव्हाच समोर येणे, हे दैव. जो सर्व भार दैवावर टाकतो तो उरलेली चार कारणे झाकतो. जो केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवितो तो स्वतःला झाकतो. प्रतीक्षेचे पहिले कर्तव्य हे की, या पाचांपैकी आपल्या स्वाधीन किती होती, हे शांतपणे तपासावे.

विलंबाचाही विचार याच रीतीने करावा. प्रथम विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन नुकसान पाहतो, अंदाजपत्रक मंजूर होते आणि मग काम सुरू होते. बंपर व बॉनेट उतरविल्यावर आतला रेडिएटर फुटलेला आढळतो. मग पुन्हा पाहणी, पुन्हा मंजुरी. एखादा भाग दुसऱ्या शहरातून यावयाचा असतो. पत्रा ठोकून सरळ केल्यावर त्यावर लांबी भरावी लागते, ती वाळावी लागते, घासावी लागते, अस्तराचा हात द्यावा लागतो आणि त्यानंतर रंग चढतो. यातील पुष्कळ पायऱ्या गॅरेजवाल्याच्याही स्वाधीन नसतात. अर्थात जेथे खरोखर हयगय होत असेल तेथे स्पष्टपणे विचारणे, लेखी कळविणे व आपला हक्क मागणे यात अधर्म नाही. सहिष्णुता म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे नव्हे. मात्र खरा विलंब व हयगय यांतील भेद ओळखण्यासाठी चित्त स्थिर असावे लागते.

सोळाव्या अध्यायात काम, क्रोध व लोभ ही आत्मनाशाची तीन द्वारे म्हणून सांगितली आहेत. गॅरेजच्या अंगणातही ही तिन्ही उघडी असतात.

कामना घाईचे रूप घेऊन येते. विवाहाच्या दिवशी मोटार दारात हवी, म्हणून गृहस्थ सांगतो, ‘चालती तेवढी करून द्या, बाकीचे मागाहून पाहू.’ त्या ‘बाकीच्या’त चाकांचे संरेखन असते, ब्रेकची चाचणी असते, एकदा फुगून गेलेल्या एअरबॅगच्या जागी नवी बसविणे असते. अशी मोटार घेऊन निघणे म्हणजे आपली कन्या व जावई यांना, आणि रस्त्यावरील अनोळखी माणसांनाही, आपल्या हौसेखातर संकटात लोटणे होय. चार दिवस भाड्याच्या वाहनाने गेल्याने कोणाचीही प्रतिष्ठा उणी होत नाही.

क्रोधाचा मार्ग दुसऱ्या अध्यायात पायरीपायरीने दाखविला आहे. विषयाचे सतत चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना आणि कामना अडली की क्रोध. ज्याने दिवसभर मोटारीचेच चिंतन केले, त्याचा राग सायंकाळी हातात पाना घेतलेल्या पोरगेल्या कारागिरावर निघतो. त्या पोराच्या हाती मंजुरीही नसते आणि सुटा भागही नसतो. दुर्बळावर निघालेला राग हा सर्वांत हीन राग होय. वाणीचे तप करण्यास यापरते योग्य स्थळ कोणते?

लोभ मात्र हितचिंतकाच्या वेषात येतो. कोणी हळूच सुचवितो, ‘साहेब, मागच्या दाराचा जुना पोचाही याच दाव्यात बसवून टाकू.’ गृहस्थ विचार करतो की, सामान्य पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कंपनी कापणारच आहे; मग आपण थोडे वाढविले तर काय बिघडले? परंतु कपातीची ती अट त्याने विमा घेताना मान्य केलेली असते. शिवाय विम्याचा निधी असंख्य विमेदारांच्या हप्त्यांतून उभा राहतो. त्यातून खोटे सांगून घेतलेला पैसा कोणा अनोळखी संसारी माणसाच्याच खिशातून काढलेला असतो.

तथापि या काळातील सर्वांत मोठा प्रमाद या तिन्ही द्वारांपाशी दिसत नाही. गृहस्थ गॅरेजमध्ये दररोज चौकशी करतो. ज्याचा पाय मोडला, त्याची चौकशी पहिल्या रात्रीनंतर होत नाही. तोही वाट पाहत आहे. पत्र्याला लांबी भरता येते, पण हाड आपल्या गतीनेच जुळते. त्याची रोजी बुडाली असेल, घरी त्याच्या मिळकतीवर जगणारी माणसे असतील. एकाच अपघातातून दोन प्रतीक्षा सुरू झाल्या, आणि गृहस्थाला त्यांपैकी एकच दिसते. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच मानण्याचा जो समभाव सहाव्या अध्यायात योग्याचे लक्षण म्हणून सांगितला आहे, त्याची खरी परीक्षा येथे होते.

येथे एक शंका निघेल. जाणती माणसे सांगतात, ‘त्याच्याकडे जाऊ नका, गेलात तर दोष कबूल केल्यासारखे होईल.’ विम्याच्या करारातही कंपनीच्या संमतीवाचून दायित्व कबूल करू नये किंवा रक्कम देऊ करू नये, अशी अट सामान्यतः असते. मग व्यवहार सांभाळावा की दया?

विचार केला असता येथे विरोध उरत नाही. नुकसानभरपाई किती व कोणी द्यावी, हे ठरविण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. त्रयस्थाच्या हानीचा विमा कायद्याने सक्तीचा केला आहे तो यासाठीच. तो निर्णय तेथे होऊ द्यावा, आणि पोलिसांपुढे व न्यायाधिकरणापुढे जे घडले तेच सांगावे. परंतु आजाऱ्याची विचारपूस करणे, त्याच्या घरच्यांस दावा कोठे व कसा करावा याची माहिती देणे, आपल्या विम्याची कागदपत्रे त्यांच्यापासून न लपविणे, यास कोणताही करार आड येत नाही. प्रत्यक्ष भेटीने तेथे क्षोभ वाढेल असे दिसले, तर एखाद्या वडीलधाऱ्या मध्यस्थामार्फत चौकशी करावी. भीतीने तोंड फिरविणे आणि सावधपणे माणुसकी पाळणे, यांतील अंतर सदसद्विवेक जाणतो.

म्हणून वाट पाहणाऱ्या गृहस्थाने रोज तीन गोष्टी कराव्यात. ज्याला इजा झाली त्याचा विचार प्रथम करावा, मोटारीचा मागाहून. विमा कंपनी, गॅरेज व पोलीस या तिघांशी एकच आणि खरी हकिकत बोलावी. आणि आपल्या वाहन चालविण्यातील जो दोष तपासात आढळला असेल, मग तो वेग असो, थकवा असो वा अन्यत्र गुंतलेले मन असो, तो सोडण्याचा निश्चय घरच्यांसमक्ष करावा. क्षणभरही कोणी कर्मावाचून राहू शकत नाही, असे गीता सांगते. तेव्हा हे दिवस रिकामे आहेत असे मानणे हीच मूळ चूक होय.

मोटार एक दिवस दुरुस्त होऊन येईल. तिचा रंग पूर्वीसारखा झळकेल, पोचा कोठे होता हेही कळणार नाही. ती कारागिरांची करामत असेल, आणि त्यांचे आभार मानून त्यांचा मोबदला हसतमुखाने द्यावा. परंतु तिच्या चाकामागे पुन्हा जो बसणार आहे, त्याची दुरुस्ती कोणत्याही गॅरेजमध्ये होत नाही. आपला उद्धार आपणच करावयाचा असतो, आणि त्यासाठी भगवंतांनी दिलेला अवधी म्हणजेच ही प्रतीक्षा होय. तिचा सदुपयोग करण्याची बुद्धी सर्व गृहस्थांना लाभो.