नक्कल आणि नाममुद्रा

मुळशी तालुक्यातल्या जांबे गावाच्या एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क, तर दुसऱ्या अंगाला थोड्याच अंतरावर तुकोबांचं देहू. याच तालुक्यात लवळ्याला सिंबायोसिसची माध्यमशिक्षण देणारी संस्था आहे. अ‍ॅनिमेशन, ध्वनी, व्हीएफएक्स शिकणारी मुलं या भागात आता नवलाची राहिलेली नाहीत. शिकता शिकता एक जुना प्रश्न त्यांना गाठतोच. फाइलची प्रत काढली की दोन्हींत एका बिटचाही फरक उरत नाही. मग अस्सल कुठली? आणि पडद्यावर देव किंवा संत आला, तर त्याचं पावित्र्य कशात असतं?

वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताचा यावरचा निबंध १९३६ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृतीचं तेजोवलय विरत जातं, असं त्याचं म्हणणं. माध्यमकला शिकणाऱ्याला हा निबंध टाळता येत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट मुंबईत लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांपुढे लोक हात जोडू लागले. हे यंत्राने काढलेलं चित्र आहे, हे प्रेक्षकांना कळत होतं. तरीही तेजोवलय विरलं नाही. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल कुठल्या विद्यापीठात चित्रपटकला शिकले नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते घडले. वारकऱ्यांच्या संतावरचा चित्रपट घडवणाऱ्या या जोडीत एक मुसलमान कलावंत होता, हेही विसरू नये.

त्याआधी मळवलीच्या छापखान्यातून राजा रविवर्मा यांच्या शिळाछापी तसबिरी घरोघर पोचल्या होत्या. दादासाहेब फाळक्यांनी याच छापखान्यात काम केलं होतं. या तसबिरींची कोणी प्राणप्रतिष्ठा केली नव्हती, तरी त्यांना हळदकुंकू लागलं, हार पडले. मूळ तैलचित्र कुठे आहे, हे घरातल्या कोणी विचारलं नाही. इथल्या भाविकाला प्रतीचं वावडं कधी नव्हतंच.

तुकोबांचा गाथाही प्रतींमुळेच हाती आला. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी तरल्या, अशी श्रद्धा आहे. सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून ठेवले, असंही परंपराच सांगते. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. वारकऱ्याच्या लेखी संताजींचं हस्ताक्षर मूळ वहीपेक्षा उणं ठरत नाही. प्रत काढणं ही तिथे सेवा आहे.

मग खोट कुठे आहे? याचं उत्तर ‘संत तुकाराम’ चित्रपटातल्या सालोमालोच्या कथेत सापडतं. त्याने तुकोबांचे अभंग घेतले आणि त्यात स्वतःचं नाव घातलं. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा म्हणजे कवीने स्वतः दिलेली ग्वाही. तीच पुसली गेली. परंपरेला प्रत चालली, ही पुसापुशी मात्र चालली नाही.

याच चित्रपटात आणखी नाजूक गोष्ट घडली. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेला अभंग अनेकांनी तुकोबांचाच मानला. जाणकारही गाथ्यात तो शोधू लागले. आठवल्यांनी चोरी केली नव्हती. ती भाषा त्यांच्यात इतकी मुरली होती की फरक दिसेना. लेखणी कोणाची, हे मात्र विचारलं की कळत होतं. आज संगणक तुकोबांच्या ढंगात शेकडो ओळी जुळवतो, कोणी कधी न ऐकलेला त्यांचा आवाजही बनवतो. त्यामागे मुरणं नसतं, आणि ग्वाही द्यायला माणूसही पुढे येत नाही. श्रद्धावंताची खरी फसवणूक इथे होते. चित्र कृत्रिम असल्यामुळे ती होत नाही.

म्हणून व्हीएफएक्सच्या अभ्यासक्रमात या चित्रपटातल्या पुष्पक विमानाच्या दृश्याइतकाच वेळ सालोमालोच्या प्रसंगांना द्यायला हवा. ते प्रसंग शोधायला लांब जावं लागणार नाही. ‘संत तुकाराम’ ज्या प्रभात स्टुडिओत तयार झाला, त्याच आवारात पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर आज एफटीआयआयचे विद्यार्थी चित्रपट आणि टेलिव्हिजन शिकतात.