कानामागून आला

चांगलं म्हणजे काय, या प्रश्नावर जगातल्या थोर थोर तत्त्वज्ञांनी विचार केलेला आहे. पण 'दोन हजारांच्या आत चांगलं म्हणजे काय', या प्रश्नाला त्यांच्यापैकी एकानंही हात घातल्याचं माझ्या वाचनात नाही. सॉक्रेटिस म्हणे बाजारात हिंडायचा, मांडलेला माल पाहायचा आणि यातल्या किती गोष्टींवाचून आपलं अडत नाही, या आनंदात घरी परतायचा. सॉक्रेटिसला तीन मुलगे होते, पण त्यांतला एकही संगणकावर खेळत नव्हता. त्यामुळे परवडणाऱ्या दरात चांगल्या आवाजाचा गेमिंग हेडसेट कसा निवडावा, हा नीतिशास्त्रातला प्रश्न चोवीसशे वर्षं तसाच पडून राहिला आणि शेवटी बी. कॉम. झालेल्या एका बँकेतल्या कारकुनाच्या टेबलावर येऊन पडला. सरकारी कागदांचंही असंच होतं.

'नीतिशास्त्रातला' हा शब्द वाचून तुम्ही हसला असाल. सौ.ही हसली. तिच्या मते हा प्रश्न घरखर्चातला आहे आणि त्याचं उत्तर 'नको' असं आहे.

तेव्हा आधी आमच्या घराचा नकाशा सांगतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत एका भिंतीला माझ्या आईची कॉट आणि समोरच्या भिंतीला चिरंजीवांचं टेबल. टेबलावर संगणक. तो अभ्यासासाठी घेतला आहे, असं कर्जाच्या अर्जात स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं आहे. त्यावर चिरंजीव जो खेळ खेळतात त्याचं नाव काउंटर-स्ट्राइक. बँकेत नोकरी करणाऱ्या कुणालाही हे नाव ऐकून संघटनेनं पुकारलेला संपच आठवेल. पण १९९९ मध्ये निघालेला हा खेळ अजून चालतोय; इतका लांबलेला संप आमच्या संघटनेलाही कधी जमलेला नाही. त्यात पाच जण दुसऱ्या पाच जणांवर गोळ्या झाडतात. हे सगळं स्पीकरमधून यायचं. रोज रात्री नऊ ते अकरा आमच्या घरात युद्ध चालायचं आणि युद्धभूमीच्या बरोबर मधोमध आई जपमाळ ओढत बसायची.

म्हणून हेडसेट. म्हणजे पाहा, ही वस्तू मुळात स्वतःसाठी घ्यायचीच नाही. सायकलची घंटी जशी सायकलवाल्यासाठी नसते, रस्त्यातल्या दुसऱ्या माणसासाठी असते, तसा हेडसेट हा घरातल्या इतरांच्या कानांसाठी आपल्या कानांवर चढवायचा. इथवर नीती आणि खरेदी हातात हात घालून चालल्या होत्या. त्यांची ताटातूट झाली ती दुकानात.

पुण्यात असली वस्तू घ्यायची म्हणजे बुधवारातली तपकीर गल्ली. खोक्यांवरचे आकडे वाचायला मी घाबरत नाही. आकड्यांवर माझं पोट आहे. पहिल्याच खोक्यावर ठळक '७.१' लिहिलेलं होतं. १ एप्रिल २०२० पासून वर्षानुवर्षं पीपीएफवर मिळत आलेला व्याजदर तो हाच, तेव्हा त्या खोक्याविषयी मला एकदम आपुलकी वाटली. दुकानदार म्हणाला, "साहेब, सात स्पीकर आणि वर एक धमधम." चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, आत दोनच आहेत. एका कानाला एक. बाकीचे सहा सॉफ्टवेअर भासवतं." दोनाचे आठ! हे ताळेबंदात केलं तर लेखापरीक्षक येतो. खोक्यावर केलं तर गिऱ्हाईक येतं.

खरं तर देवानं माणसाला दोनच कान दिले आणि तेवढ्यात भागवलं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला जरा आधी आणि जरा मोठा ऐकू येतो. उजव्या कानाला तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरानं पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. दोन बरे स्पीकर हा फरक नीट पोचवू शकतात. सात लागत नाहीत. मात्र दोन लागतात, हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

दुसरा आकडा २० ते २०,००० हर्ट्झ. सातशेच्या खोक्यावरही हाच आणि नऊ हजारांच्या खोक्यावरही हाच. हा तर धडधाकट तरुण कानाचा पल्ला. वय वाढतं तसा तो वरच्या बाजूनं झिजत जातो. चाळिशी ओलांडलेल्या माझ्या कानांना वरची काही हजार कंपनं आता ऐकू येत नाहीत. बँकेच्या भाषेत ती बुडीत कर्जं. शिवाय त्या पल्ल्यातला कुठला आवाज किती उचलला जातो आणि कुठला दाबला जातो, ते खोकं सांगत नाही. शाखा दहा ते चार उघडी असते, एवढ्यावरून आत काम होतं की नाही हे कुठे कळतं?

तिसरा आकडा ५० मिलिमीटर, म्हणजे आतल्या स्पीकरचा व्यास. कढई मोठी म्हणून भजी चांगली होत नाहीत, एवढं बोलून मी हा मुद्दा निकालात काढतो. बिनतारी ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो. म्हणजे गोळी आधी लागते आणि बार नंतर ऐकू येतो. खऱ्या रायफलीच्या गोळीचंही असंच होतं, पण तिथे तक्रार करायला गिऱ्हाईक शिल्लक राहत नाही. तेव्हा तारेचाच घ्यायचा. तो स्वस्तही असतो.

मग दुकानदारानं एक हेडसेट चिरंजीवांच्या डोक्यावर चढवला आणि आवाज असा सोडला की मला बाहेर उभ्यानं धरणीकंप जाणवला. त्याला वाटलं, पोरगं खूश होईल. पोरानं मान हलवली. "बाबा, यात स्फोटच ऐकू येतात. पावलं दबतात. मला पावलं हवीत."

मला वाटलं, विठोबाची हवीत की काय! पण भानगड अशी की त्या खेळात धावणाऱ्याची पावलं वाजतात. भिंतीआडून शत्रू येतोय, डावीकडून येतोय की पाठीमागून, हे पावलांवरून कळतं. शहाणा खेळाडू शिफ्टचं बटण दाबून हळू चालतो म्हणजे पाऊल वाजत नाही. (रात्री उशिरा घरी येणारे नवरे हे तंत्र शिफ्टशिवाय जाणतात.) बरेचसे स्वस्त हेडसेट खालचे, धमधमणारे सूर फुगवून ठेवतात. दुकानात ते झोकदार वाटतं आणि खेळात पावलं त्याच धमधमीखाली चिरडली जातात.

तीन वर्षं बी. कॉम. केलं, वीस वर्षं काउंटर केला, पण 'चांगला' या शब्दाची इतकी सोपी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. ज्यात मोठा आवाज लहान आवाजाला गिळत नाही, तो चांगला आवाज. ही व्याख्या हेडसेटपुरती ठेवायचं काही कारण नाही. आमच्या काउंटरवर ज्याचा घसा मोठा त्याचं पासबुक आधी भरलं जातं. पेन्शन जमा झाली का, हे विचारायला आलेल्या आजीबाई काचेच्या भोकाशी तोंड नेऊन जे बोलतात ते ऐकू आलं, तर ती शाखा चांगली. वातानुकूलन, टोकन, सोफा ही सगळी धमधम.

आता किमतीकडे येऊ. अर्थशास्त्राच्या पेपरात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत हमखास यायचा. पहिल्या भाकरीनं जेवढं समाधान, तेवढं चौथीनं नाही. हेडसेटचंही तेच. सातशेवरून दोन हजारांवर गेलं की आवाज मोकळा होतो, माइक सुधारतो, डोकं आवळलं जात नाही. दोन हजारांवरून नऊ हजारांवर गेलं की आवाजात जो फरक पडतो तो कळायला आधी दुकानदारानं "फरक बघा" असं म्हणावं लागतं. हर्बर्ट सायमन या गृहस्थांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस सर्वोत्तमाच्या शोधात आयुष्य घालवत नाही. पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. मराठीत याला 'भागतं' म्हणतात आणि त्यासाठी कुणी बक्षीस देत नाही.

मग वरचे सात हजार कशाचे? ते शांततेचे. जाड गादी बोलण्याचालण्याचे आवाज अडवते. आतला बारका माइक पंख्याची, गाड्यांची घरघर टिपतो आणि तिच्या नेमकी उलटी लहर सोडून तिला पुसून टाकतो. तसला एक हेडसेट दुकानदारानं माझ्या डोक्यावर ठेवला. तपकीर गल्ली हॉर्न वाजवत होती, ती विझली. समोर दुकानदाराचे ओठ हलत होते, मागे गिऱ्हाइकांचे हलत होते. देवाला देव्हाऱ्यात असंच वाटत असणार. सगळे ओठ हलवतायत आणि ऐकू काही येत नाही.

आणि त्या शांततेत मला आई आठवली.

गेल्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली. हाड वाचलं, पण आता रात्री उठायचं तर कुणाचा तरी हात लागतो. तेव्हा ती हाक मारते. हाक म्हणजे नुसतं "अरे", आणि तेही कुणाची झोप मोडणार नाही अशा बेतानं. हाक मारायची, पण ती कुणाला ऐकू जाऊ नये याची काळजी घ्यायची, हे त्या पिढीलाच जमतं. बाहेरच्या खोलीत आमच्यापर्यंत ते "अरे" येत नाही. ते ऐकू जातं सात फुटांवर बसलेल्या नातवाला.

आता पेच पाहा. स्पीकर लावला तर त्रास आजीला आणि हेडसेट लावला तरी त्रास आजीलाच. ज्या यंत्रानं भिंतीपलीकडच्या खोट्या शत्रूचं पाऊल ऐकू येणार, त्याच यंत्रानं त्याच खोलीतली खरी आजी ऐकू येईनाशी होणार. आणि यंत्र जितकं उत्तम तितकी ती जास्त लांब जाणार.

'मग घेऊच नका' हे सौ.चं उत्तर सोपं आहे, पण न्यायाचं नाही. सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःची खोली नाही. त्याचं दार म्हणजे कानावरची ती गादी. ते कधीच लावू नकोस, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? खुद्द आईला विचारलं तर ती म्हणाली, "घेऊ दे की रे त्याला. तुम्ही दोघं भांडायला लागलात की मीसुद्धा माझं कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतेच की!" म्हणजे न ऐकण्याचा हक्क आमच्या घरात आधीपासून बजावला जात होता. फक्त त्याची नोंद नव्हती.

या प्रश्नाशी एक मोठा उद्योगपती झगडलेला आहे. १९७९ मध्ये सोनी कंपनीनं वॉकमन काढला. एकट्यानंच कानाला लावून ऐकत बसणं दुसऱ्याला उद्धटपणाचं वाटेल, अशी चिंता कंपनीचे अकिओ मोरिता यांना पडली. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं ठेवली आणि वर एक नारिंगी बटण दिलं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं माइकमधून कानात यायचं. कारखान्यात बनवलेलं सौजन्य! पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं. लोकांना प्रत्येकी एक वॉकमन हवा होता. शेजारी कुणालाच नको होता.

आम्ही शेवटी एकोणीसशेचा घेतला. दोन कानांना दोन स्पीकर, तार, कापडी गादी. कापडातून बाहेरचं थोडं आत झिरपतं. दुकानदार याला दोष म्हणाला, म्हणून पन्नास रुपये सोडले. आवाज किती ठेवायचा तेही घरीच ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाला सरासरी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, लहानांना ७५. कानातल्या ज्या बारीक पेशींवर ऐकणं चालतं त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथे व्याज जात नाही, मुद्दलच जातं.

पण कापडातून हॉर्न जेवढा झिरपतो तेवढं "अरे" झिरपत नाही. ते बारीक असतं. मी काही बोललो नव्हतो. पण दहा वाजता आई आडवी झाली, की चिरंजीव तिच्या बाजूची वाटी कानावरून उचलून कानामागे सरकवतात. आणि मघाशी सांगितलं ना, दिशा कळायला दोन कान लागतात? एका कानावर शत्रू कुठून येतो ते समजत नाही. चिरंजीव दहानंतर हरतात. रोज हरतात. मी विचारलं तर म्हणाले, "दहाच्या आधीचे मोजतो मी." एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग नऊ हजारांचा घेतला असता तरी वाटी सरकवता आली असतीच की. आली असती. नीतीची हीच अडचण आहे, ती खोक्यात येत नाही; मोरितांनी घालून पाहिली, टिकली नाही. म्हणून हेडसेट घ्यायला जाल तेव्हा आकडे वाचा, घासाघीस करा, पावलं ऐकू येतात का ते पाहा. आणि एक काम माझ्या सांगण्यावरून करा. घरातल्या ज्या माणसाचा आवाज सगळ्यांत बारीक आहे, त्याला बरोबर न्या. हेडसेट डोक्यावर चढवा आणि त्याला मागे उभं राहून नेहमीच्या आवाजात हाक मारायला सांगा. हाक ऐकू आली तर पैसे द्या. नाही आली, तर घासाघीस करू नका. ती वस्तू कितीलाही मिळाली तरी महागच पडेल.