सेवा आणि वेतन

सेवा करावयास आलेल्या मनुष्यानें वेतन विचारावें काय? आज आमच्या गांवांतील पुष्कळ तरुण बंधुभगिनी धर्मादाय संस्थांत नोकरीसाठीं मुलाखतीस जातात, आणि हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहतो. या बाबतींत आमचाच अनुभव सांगतों.

ऐन तारुण्यांत आम्ही एका आरोग्यसंस्थेंत मुलाखतीस गेलों. मेजापलीकडे तिघे गृहस्थ बसले होते. "येथें कां येऊं इच्छितां?" असें त्यांनीं विचारतांच आम्हीं उत्तर दिलें, "केवळ सेवेसाठीं; पगाराची मला पर्वा नाहीं." वास्तविक घरीं सावकाराचें कर्ज होतें व धाकट्या बहिणीची फी थकली होती. आमच्या मागून गेलेला एक तरुण बाहेर येऊन म्हणाला, "आईचें औषध चालू आहे, म्हणून मीं पगार विचारला. त्यांच्या कपाळास आठ्या पडल्या." नेमणूक आमची झाली. परंतु थोड्याच महिन्यांत आमचें मन कुरकुरूं लागलें. रोग्यांशीं आम्ही तुसडेपणानें बोलूं लागलों, आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच काम टाकून निघून आलों. आमच्या त्या गोड उत्तराची किंमत गोरगरीब रोग्यांनीं भरली.

नफा न वांटणें आणि वेतन न देणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील संस्थेस शिल्लक रक्कम सभासदांत लाभांश म्हणून वांटतां येत नाहीं. पण काम करणाऱ्यास वाजवी वेतन देण्यास मनाई नाहीं. पौलानें करिंथ येथें राहुट्या करून पोट भरलें हें खरें. तथापि त्याच मंडळीस लिहितांना सुवार्तिकास निर्वाहाचा हक्क आहे असें त्यानें स्पष्ट सांगितलें. तो हक्क त्यानें स्वखुशीनें सोडला. दुसऱ्या कोणीं तो त्याजकडून सोडविला नाहीं.

कोणी म्हणेल, पगार विचारणारा मनुष्य अधिक पैसा मिळतांच निघून जाईल. कदाचित् जाईल, पण पगार न विचारतां आलेले आम्हीही गेलोंच ना? सेवाभावाची परीक्षा मौनानें होत नाहीं. भर पावसाळ्यांत ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाल काय, हिशेबांत चूक सांपडल्यास कोणास सांगाल, असें विचारावें.

पुढें आम्ही स्वतः एका निवडसमितीवर बसलों. एका विधवा भगिनीनें नम्रपणें पगार विचारला, आणि आमच्याच कपाळास आठी पडली. तत्क्षणीं तो आईच्या औषधाची काळजी वाहणारा तरुण आठवला. आम्हीं आंकडा सांगितला नव्हता, म्हणूनच तिला विचारावें लागलें होतें.

तरी मुलाखतीस जाणाऱ्यांनो, आपली गरज लपवूं नका; जें पाळवणार नाहीं त्याचें वचन देऊं नका. आणि निवड करणाऱ्यांनो, वेतन किती तें तुम्हींच प्रथम सांगा. संस्था गरीब असल्यास तेंही सांगा. गरिबीची लाज नाहीं. पण 'सेवा' या शब्दाआड ती लपविणें ही लाजेची गोष्ट होय.