मानेमागची काच

चि. निखिल यास,


ट्रकचे फोटो पाहिले. १९८५ ची शेवरले सी-१०, सिंगल कॅब, वर निळा रंग. गाडी देखणी आहे. ती विकून टाक असं सांगायला हे पत्र नाही. ब्रेक आणि टायरबद्दल ताईने तुला फोनवर छळलं असेलच, ते मी पुन्हा काढत नाही. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. एका फोटोत तू स्टिअरिंगमागे बसला आहेस. सीटची पाठ तुझ्या खांद्यापाशीच संपली आहे आणि डोक्यामागे वीतभरसुद्धा जागा न सोडता काच आहे. माझी सारी नोकरी इकडे डेट्रॉइटजवळ सीटच्या चाचण्यांत झाली, त्यामुळे लोक इंजिन बघतात तेव्हा मी सीट बघतो.

अमेरिकेत मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचा झाला १ जानेवारी १९६९ पासून. पिकअप आणि व्हॅन त्यातून सुटल्या. त्यांना तोच नियम लागायला १ सप्टेंबर १९९१ उजाडलं. जणू पिकअपमध्ये बसणाऱ्याची मान निराळ्या हाडाची! तुझी गाडी नेमकी त्या मधल्या काळातली. त्यामुळे सीट मूळचीच आहे, कोणी काही काढून नेलेलं नाही, हे तुझं म्हणणं खरं असलं तरी त्याने माझं समाधान होत नाही.

मागून ठोकर बसते तेव्हा काय होतं ते सांगतो. ट्रक पुढे ढकलला जातो, सीट तुझ्या पाठीला पुढे रेटते आणि साडेचार-पाच किलोचं डोकं मात्र होतं तिथेच राहतं. आत बसलेल्याला वाटतं डोकं मागे फेकलं गेलं. खरं तर धड त्याच्या खालून पुढे निघून गेलेलं असतं. आधी मानेला नागमोडी बाक येतो, मग ती मागे दुमडते. मोटारीत हेडरेस्ट नसला तरी डोक्यामागे मोकळी जागा असते. सिंगल कॅबमध्ये तीही नाही. सीटची पाठ कॅबच्या पत्र्याला टेकून थांबते आणि तिच्या वरून डोकं थेट काचेवर जातं. पुढची काच दोन थरांची, मध्ये चिवट पापुद्रा घातलेली असते. मागची टेम्पर्ड. फुटली की तिचे बारीक खडे होतात, पण फुटेपर्यंत ती भिंतच असते. आणि डोकं काचेऐवजी तिच्या कडेच्या लोखंडी चौकटीवर गेलं, तर तिथे फुटायलाही काही नाही. तुझी मागची काच सरकती आहे, म्हणजे मधोमध ॲल्युमिनियमची उभी पट्टी आहे. मधल्या माणसाचं डोकं बरोबर तिच्यासमोर येतं. डिसेंबरात ताई-भाऊजी येतील तेव्हा तिघं एका बाकावर बसून फिरायचा बेत तू आखला आहेस. तेवढा रद्द कर. त्या दिवसांपुरती गाडी भाड्याने घे.

ट्रक दणकट आहे हा तुझा भरवसा इथे फारसा कामाला येत नाही. बंपर सरळ चासीला बोल्टने बसवलेला आहे, मागे चेपायला फारसं काही नाही. धडक पोटात घेण्याऐवजी चासी ती सीटकडे पोचवते.

आधीच्या मालकाने मागच्या काचेला लावलेला बंदुकांचा रॅक आजच उतरव. तुझ्याकडे बंदूक नाही, तू त्यावर छत्री टांगतोस. पण ते आकडे डोक्याच्या उंचीला आहेत.

मग सीट. काचेला चिकटवायच्या किंवा पट्ट्याने अडकवायच्या उशा मिळतात, त्यांच्यावर पैसे घालू नकोस; धडकेत त्या जागेवर राहत नाहीत. काचेला पारदर्शक फिल्म लावलीस तर खडे अंगावर येणार नाहीत, डोक्याचा मार मात्र तेवढाच. भंगारात १९९२ नंतरच्या मोठ्या पिकअपची हेडरेस्टवाली सीट शोध. पाठीची खिट्टी आणि सरकपट्टी घट्ट हवी, सांगाड्याला कुठे वेल्डिंगचं ठिगळ नको. जुनी भोकं जुळत नसतील तर नुसत्या पत्र्यात नवी भोकं पाडून मोकळा होऊ नकोस. खालून जाड लोखंडी पट्टी टाकून मगच बोल्ट आवळ. हे काम घरी करू नकोस, चांगला वेल्डर गाठ. सीटबेल्ट कुठे अडकवायचे तेही त्याच्याकडूनच बघून घे.

सीट बसली तरी अर्धंच काम झालं. सरकारी सुरक्षा खात्याने १९८२ मध्ये मोटारींचा हिशेब मांडला होता. मागून बसलेल्या धडकेत सीटशी एकसंध असलेल्या हेडरेस्टने जखमा सुमारे १७ टक्के कमी झाल्या आणि खालीवर होणाऱ्याने १० टक्केच, कारण लोक तो खाली दाबलेलाच ठेवतात. पिकअप-व्हॅनचा हिशेब २००१ मध्ये झाला, तेव्हा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे हा काही चमत्कार नव्हे, नीट लावला तरच उपयोगी. तू उंच आहेस, तेव्हा हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याला येईपर्यंत वर ओढ. डोक्यामागचं अंतर चार बोटांपेक्षा जास्त नको. त्यासाठी सीटची पाठ ताठ ठेवावी लागेल. रेलून चालवण्यात रुबाब असेल, पण त्याने अंतर वाढतं. आणि ती नवी टेक्सासी टोपी गाडीत काढून ठेव. तिची मागची कड हेडरेस्टला अडते आणि डोकं पुढे ढकललेलं राहतं.

तपासणीत कोणी अडवेल तेव्हा बघू म्हणून थांबू नकोस. तुमच्या टेक्सासात खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी २०२५ पासून बंदच झाली आहे, आणि जे गाडीत मुळात नव्हतंच ते कोणी मागितलंही नसतं.

कधी मागून ठोकर बसलीच, तर तेव्हा बरं वाटतंय म्हणून घरी जाऊन झोपू नकोस. मान दुसऱ्या दिवशीही धरते. डोकं आपटलं असेल आणि उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांतलं काही जाणवलं तर सरळ इमर्जन्सी गाठ.

सीट सापडली की पैसे देण्याआधी तिच्या पायांचे आणि खिट्टीचे जवळून फोटो पाठव. खर्चाचं मी बघतो, ताईला एवढ्यात काही सांगू नकोस.

तुझा,
मामा