अधिकार आणि संमति

ज्यास सर्व प्रदेशानें निवडिलें, त्यास एका नगराचा नकार अडवूं शकावा काय? इंग्लंडांतील ग्रेटर मँचेस्टर येथें हा प्रश्न खरोखर उद्भवला. तेथील दहा नगरसभांच्या संयुक्त मंडळावर २०१७ सालापासून लोकांनीं निवडलेला महापौर असतो.

बसगाड्यांचे मार्ग व भाडें १९८६ पासून बहुतेक खाजगी कंपन्याच ठरवीत. २०१७ च्या कायद्यानें तो कारभार हातीं घेण्याची सत्ता महापौरास मिळाली. अँडी बर्नहॅम ह्यांनीं २०२१ सालीं तसा निर्णय केला, व जानेवारी २०२५ मध्यें तें काम पुरें झालें. परंतु घरें कोठें बांधावीं, ह्या संयुक्त आराखड्यास दहाही नगरसभांची संमति लागे. डिसेंबर २०२० मध्यें स्टॉकपोर्टनें ती नाकारली. तेव्हां उरलेल्या नऊ जणींनीं आपला निराळा आराखडा केला; तो मार्च २०२४ मध्यें अमलांत आला.

कोणी म्हणेल, ही सत्ता पंगु होय. पण असें पाहा: बस चुकीच्या मार्गानें धाडली तर उद्यां वळवितां येते, मोकळ्या रानावर घरें उठलीं म्हणजे तें रान पुन्हा मिळत नाहीं. जेथें चूक सुधारतां येते, तेथें एकाच्या हातीं सत्ता असावी. जेथें येत नाहीं, तेथें ज्याची भूमि जाते त्यास विचारणें हाच न्याय.

तथापि, वाचकहो, नकार देणाराहि मोकळा होत नाहीं. ज्यांस घर नाहीं त्यांनीं राहावें कोठें, ह्याचें उत्तर त्यानेंहि दिलें पाहिजे.